नामाभाऊंचा नालायक नायक

माणसं पुस्तक वाचायला जमली की वाचन मागे राहतं आणि किस्सेच साठत जातात. सत्तरच्या दशकातली आमची रविवारची मंडळी तर त्यात पटाईत! धंतोलीतल्या एका डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असायचा. तिथल्या पेशंटच्या बाकांवर आम्ही बसायचो आणि पोस्टातले नामाभाऊ एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मराठीत सांगत वाचायचे.

मेश्रामबाईंसाठी खुर्ची असायची. रिटायर्ड शिक्षिका, इंग्रजी आम्हा सगळ्यांपेक्षा पक्कं. पण डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाचता येत नव्हतं. मुलगा दिल्लीत मोठा साहेब. वर्षानुवर्षं घरी फिरकला नव्हता.

कादंबरीचा नायक देखणा, शिकलेला आणि आतून निव्वळ पोकळ! मित्राला बुडवून साहेब शीळ घालत निघून गेला, तेव्हा कंपाउंडर बबन उठून उभाच राहिला. "पत्ता द्या ना त्याचा!"

*

संत्र्यांचे व्यापारी गुलाबराव काटोलहून बसनं यायचे. एका रविवारी जमलं नाही, म्हणून त्यांनी कंडक्टरकडे निरोप दिला. स्टँडवर कंडक्टर मला म्हणाला, "गुलाबराव विचारून राहिले, त्या नालायकानं लग्न केलं काय?"

"केलं," मी म्हणालो.

बसमधल्या दोन बाया हळहळल्या. "कोणाची पोरगी होती वं बिचारी!"

*

एकदा मी नामाभाऊंच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावलो. नायक कुत्र्याला लाथ मारतो, असं छापलं होतं. नामाभाऊंनी वाचलं, "त्यानं कुत्र्याले बिस्कुट देल्लं."

मी हळूच विचारलं, "लाथ कुठे गेली?"

"कुत्र्यानं काय बिघडवलं होतं गा त्याचं?"

*

मग आईचं प्रकरण आलं आणि मी पुन्हा पुस्तकात डोकावलो. आई आजारी असल्याची तार येते, नायक ती खिशात घालतो आणि नाचाला जातो. नामाभाऊ थांबले. समोर मेश्रामबाई कान देऊन बसल्या होत्या.

"साहेब उठला," नामाभाऊ म्हणाले, "अन् पहिल्या गाडीनं मायकडे गेला!"

तेव्हापासून नायक दर रविवारी आईकडे जायला लागला. बाई विचारायच्या, "जेवला काय गा तो?"

"जेवला ना बाई. भाकर अन् वांग्याची भाजी."

विलायतेत वांग्याची भाजी! पण आमचाही जीव त्या नालायकावर जडला होता.

*

कादंबरी संपली. त्याच सुमारास बाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला. बाई म्हणाल्या, "नामदेवा, ते पुस्तक दे. आता मीच वाचीन म्हणते."

नामाभाऊंचा चेहरा उतरला. पण बाईंना नाही कसं म्हणणार? दिलं. पुढचा रविवार येईपर्यंत त्यांना अन्न गोड लागेना. "बाईले किती लागंन गा!" एवढंच घोकत होते.

रविवारी बाई आल्या. पुस्तक नामाभाऊंच्या मांडीवर ठेवलं, चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि खुर्चीत बसल्या.

"छापखानेवाल्यानं लय चुका करून ठेवल्या गा यात, नामदेवा! तू पुन्हा पहिल्यापासून वाच."