तळ्याकडून पठारावर, वळशानं

आमच्या कचेरीतल्या काही लोकांनी डोंगर हिंडायला एक गट केला होता. महिन्यातल्या एका रविवारी सकाळच्या एस.टी.नं खुलताबादला उतरायचं, बैलगाडीच्या वाटेनं मागच्या डोंगरातल्या तळ्यापर्यंत चालायचं, तिथून कडा चढून पठारावर जायचं आणि खाली येऊन तळ्याकाठी डबे सोडायचे. मी वर्गणी भरून त्या गटात गेले होते. लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातात काठी. सपाटीवर मी कुणाच्या मागं राहत नसे.

गटाचे प्रमुख आमच्या कचेरीतलेच एक अधिकारी होते. तळं आलं की ते म्हणत, "ताई, तुम्ही इथं सावलीत बसा. डब्यांकडं लक्ष राहील." तीन वेळा मी डबे राखले. चौथ्या वेळी मीच त्यांना म्हणाले, "आज डबे झाडाला टांगून ठेवा. मी वर येते."

पण वर पोचले नाही. कड्याच्या वाटेवर सुटा मुरूम होता. काठी रोवली की तो सुटायचा, आणि न वाकणारा पाय पुढं टाकायला जागाच नसायची. शंभरेक पावलांवर घसरून बसले. साहेब वरून म्हणाले, "मी सांगितलं होतं." बाकीचे पुढं गेले. खरचटलेल्या कोपरापेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं.

तळ्यावर मेंढ्यांना पाणी पाजायला आलेली एक धनगर बाई हे सगळं पाहत होती. माझ्या आईच्या वयाची. मी खाली आल्यावर ती जवळ आली.

"ही वाट तुजी नाय. ही बकऱ्यांची हाय."

"मग माझी कुठली, मावशी?"

"गाभण मेंढी जाती ती." तिनं काठीनं तळ्याच्या पल्याडचा उतार दाखवला. "पोटात पिल्लू आसलं का मेंढी सरळ चढत नाय. डोंगराच्या कडंकडंनं जाती. लई वळसा पडतो, पण पोचती."

पुढच्याच रविवारी मी परत गेले. सोबत आमच्या कचेरीतला टेलिफोन ऑपरेटर होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. त्यानंही गटात येऊ का म्हणून विचारलं होतं, आणि त्याला हसून "पुढं बघू" असं उत्तर मिळालं होतं. मावशी पुढं, तिच्या मागं मी, माझ्या खांद्यावर हात ठेवून तो.

वाट खरंच मंद चढाची होती. जमीन घट्ट, मेंढ्यांच्या खुरांनी दाबलेली. मी खुशीत चालत होते, तेवढ्यात तो थांबला. "ताई, डाव्या बाजूला काय आहे? आवाज मोकळा येतोय." डाव्या बाजूला खोल घळ होती. मला दिसत होती म्हणून मी ती मनावर घेतली नव्हती. पुढं गुडघाभर उंचीचा खडक आडवा आला. तो हातानं चाचपून सहज चढून गेला. मी मात्र अडकले. माझ्या सोयीची वाट ती सगळ्यांच्या सोयीची, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी ते डोक्यातून गेलं.

आणखी दोन रविवार आम्ही तिथंच घातले. घळीच्या बाजूनं हाताला लागतील अशा उंचीचे दगड रचले. त्याचा हात किंवा काठी त्यांना लागली की त्याला कड कळायची. आडव्या खडकाला मावशीनं खालून दोन चपटे दगड बसवून पायरी केली. तरीही मला तो बसूनच ओलांडावा लागे, आधी बूड टेकवायचं, मग पाय उचलून पलीकडं घ्यायचा. माझी त्याला हरकत नव्हती.

साहेबांची होती. "असं बसत-सरकत जाणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"मुरमावरून तुमचं कुणी घसरलं तर कुणाची?"

"ते धडधाकट आहेत."

"म्हणजे ते घसरले तर चालतं. मग मीही घसरेन."

पुढच्या महिन्याच्या सहलीच्या पत्रकात दोन वाटा छापून आल्या. पहिली 'कड्याची वाट', दुसरी 'महिला व अपंगांसाठी सोपी वाट'. गठ्ठा माझ्याच टेबलावर वाटायला आला होता. मी लाल पेन घेतलं आणि एकेका कागदावरची ती ओळ खोडून वर लिहिलं: 'वळशाची वाट. लांब आहे. एका जागी खडक बसून ओलांडावा लागतो. डाव्या हाताला घळ.' ज्याला यायचं त्यानं वाचून ठरवावं. सोपी की अवघड, ते त्याचे पाय सांगतील. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. मी सांगितलं की नवे कागद छापलेत तर तेही खोडीन.

छापले नाहीत.

त्या रविवारी वळशाच्या वाटेनं आलेल्यांत आम्ही दोघं होतोच, पण गुडघे दुखणारे आमचे हेडक्लार्क होते, सहावा महिना लागलेली टायपिस्ट होती, आणि ज्यांना कड्याची भीती वाटत होती पण आजवर बोलता आलं नव्हतं असे दोन दणकट शिपाईही होते. आडव्या खडकापाशी सगळ्यात आधी हेडक्लार्क धोतर सावरून खाली बसले.

पठारावर आम्ही कड्यावाल्यांच्या बऱ्याच नंतर पोचलो. वारा जोराचा होता. खाली तळं ताटाएवढं दिसत होतं. ऑपरेटरनं विचारलं, "काय दिसतंय?" मी सांगायला लागले, तर तो म्हणाला, "हळू सांगा. घाई नाही मला."

साहेब घड्याळ पाहत उभे होते. "उशीर झाला," ते म्हणाले. "खाली उतरायला हवं."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हणाले, आणि पाय लांब करून त्या वाऱ्यात बसून राहिले.