दहा तारे आणि माझं तोंड

ये गं कुसुम, अशी जवळ बस. तो मोबाइल ठेव आधी पर्समध्ये. नागपूरहून चार-पाच तासांची गाडी, अन् मावशीकडे दोन वर्षांनी उगवतेस? लाज वाटू दे जराशी! चहा घे आणि ऐक. आमच्या सईले शाळेनं तिसरीतून उचलून पहिलीच्या पुस्तकावर बसवलं, आणि ते फक्त माझ्यामुळं.

त्याचं असं झालं. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून इथं साधं काही उरलंच नाही. नाली तुंबली तरी राजधानीची तुंबते! मग शाळा काहून मागे राहील? वाचनात कच्च्या पोरांसाठी टॅबलेट आणले, त्यात वाचायला शिकवणारं सॉफ्टवेअर. पोरानं मोठ्यानं धडा वाचायचा, ते ऐकणार, चुका मोजणार आणि तारे देणार. (पूर्वी हे काम मास्तर करायचे. पण मास्तरले चार्जिंगले लावता येत नाही ना!) अख्खा धडा बिनचूक वाचला की दहा तारे. तोवर खेळाचा तास बंद.

आमची सई खो-खोची वेडी. मैदानात पोट्ट्या पळून राहिल्या आणि माझी नात खिडकीपाशी टॅबलेट धरून 'मी-मी-मीना' करून राहिली. एक दिवस घरी आली ती रडतच.

"आजी, शनिवार तक दस तारे नहीं हुए, तो टीम में मेरी जगह पिंकी को ले लेंगे!"

"रडू नको पोट्टे, मी कशाले आहे?"

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे तुले माहीतच आहे. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले, आणि आज आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बायांले दर एकादशीले पोथी वाचून दाखवते. तिसरीचा धडा म्हणजे माझ्यापुढं काय चीज! सरावासाठी टॅबलेट आठवडाभर घरी मिळालाच होता. दुपारी सई अंगणात लंगडी खेळायला गेली, की मी चष्मा लावून तिच्या नावानं वाचायला बसायची.

आता पोथी कशी वाचतात? एक ओळ वाचायची, तिचा अर्थ सांगायचा, आणि तो अर्थ मोहल्ल्यात कोणाले लागू पडतो तेही सांगायचं. तीस वर्षांची सवय, बाई!

"मीना ने खीर बनाई," मी वाचलं. "अगं बाई, एवढ्याशा पोट्टीनं? हिची माय काय करून राहिली होती? आमच्या सूनबाईसारखी फोनवर असंल. तिची खीर तर अजून बुडाशी लागते!"

"कोई बात नहीं," टॅबलेट गोड आवाजात म्हणाला, "फिर से कोशिश करो!"

"मले कोशिश सांगतो? सईच्या मॅडमनं थोडी कोशिश केली असती, तर तुले काहून आणावं लागलं असतं?"

"कोई बात नहीं, फिर से कोशिश करो!"

"गधे ने सारी खीर खा ली. खाल्ली असंल, आणि ताट तिथंच ठेवून उठला असंल. आमच्या लेकासारखा, प्रमोदसारखा!"

असं पाच दिवस चाललं. तारा एक नाही! मले वाटलं, परीक्षेसारखे शेवटी एकदम देत असतील.

शनिवारी शाळेतून बोलावणं आलं. प्रमोद, सूनबाई, सई आणि मी, सगळे गेलो. (मी नवी साडी नेसून. तारे घ्यायचे होते ना!)

मॅडम गंभीर. "बच्ची का लेवल गिर गया है. सीधे पहली की किताब पर. हर लाइन में अपने मन से कुछ जोड़ देती है. घर में सब ठीक है ना? आप रिकॉर्डिंग सुनिए."

रिकॉर्डिंग! हे मले कोणी सांगितलंच नव्हतं.

"राहू द्या हो मॅडम, लहान लेकरू आहे..."

"हव मॅडम, लगाइए," प्रमोद म्हणाला. मेला, नको तिथं उत्साही!

खीर झाली. सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग कोशिश झाली. मॅडमनं पाहिलं. मग गाढव आलं, आणि प्रमोद पंख्याकडं पाहू लागला.

"ये... बच्ची की आवाज़ है?" मॅडमनं विचारलं.

"सर्दी झाली होती तिले," मी म्हटलं.

"आजी!" सई किंचाळली. "तूने मेरे सारे तारे खा लिए!" तिनं टॅबलेट ओढला आणि रागारागानं तोच धडा वाचून काढला. मीना, खीर, गाढव, सगळं एका दमात! ना अडखळली, ना एक शब्द वरून जोडला. टॅबलेटवर दहा तारे चमचम करू लागले, आणि मॅडम म्हणाल्या, "जाओ, खेलो." पोट्टी चप्पल तिथंच टाकून मैदानात पळाली.

आता खरं सांगू? पाच दिवस अंगणात माझ्या आवाजात तीच खीर ऐकून तिले धडा पाठ झाला होता का, की ती खरंच वाचून राहिली होती, हे मी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

त्याचं बक्षीस लगेच मिळालं. मॅडमनं टॅबलेटमध्ये माझं नाव घातलं आणि तो माझ्याच हाती परत दिला. "आंटीजी, अब पहली की किताब आप पूरी कीजिए."

तेव्हापासून मी पहिलीत आहे. दोन महिने झाले, पहिल्याच धड्यावर. सई शेजारी बसून माझ्या तोंडावर हात ठेवते, तेव्हा कुठं एक ओळ धड पार पडते. म्हणून म्हणते, निघालीस तरी लवकर परत ये गं कुसुम, चांगली राहायलाच ये. सई खो-खोले गेली, की माझ्या तोंडावर हात ठेवायला घरात कोणीच नसते!