आमच्या दोरीवर वाळणारी जर्सी

आमचा फुटबॉल क्लब दुय्यम वर्गातून पहिल्या वर्गात गेला, त्या हंगामात मी खेळलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता भलतेच शूर निघाले आहेत. कोणालाही विचारा, तो म्हणतो मी तिथं होतो, मी खांद्यावर उचललं, मीच चेंडूत हवा भरली. मी त्या क्लबात चार वर्षं डाव्या कडेला खेळलो. चारही वर्षं आम्ही हरलो. पाचव्या वर्षी क्लब जिंकला आणि मी बाहेर होतो.

बाहेर म्हणजे आधी आतच होतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात बाजारात पत्रकं वाटताना पोलिसांनी मला धरलं. तीन महिने खंडव्याच्या तुरुंगात काढले. त्याचं मला काही वाटत नाही. पत्रकात लिहिलं ते खरं होतं आणि पुन्हा लिहीन. तुरुंगात मी स्वराज्याची वाट पाहत होतो असं सभेत सांगतो, तेही खोटं नाही. पण रविवार आला की दुपारपासून माझा डावा पाय आपोआप हलायचा. बराकीतला एक म्हातारा कैदी म्हणायचा, "याला मिरगी आहे का काय?"

आता आमच्या क्लबाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्लबाकडं जर्सी होत्या मोजून अकरा. हळदी रंगाच्या, आमच्याच गावच्या रंगाऱ्यानं रंगवलेल्या. बारावी नव्हती. सामना झाला की ज्यानं त्यानं आपली जर्सी घरी न्यायची, घरच्या बाईनं धुवायची, पुढच्या सामन्याला अंगात घालून यायचं. कप्तान यादी वगैरे कधी लावत नसत. ज्याच्या घरच्या दोरीवर जर्सी, त्याची संघात जागा. एखाद्याला काढायचं असलं की कप्तान त्याच्या घरी जाऊन चहा पीत आणि उठताना जर्सी घेऊन येत. गावातली पोरं दोऱ्या बघत हिंडायची आणि रविवारी कोण खेळणार ते ओरडत सुटायची.

मी सुटून घरी आलो तेव्हा आमच्या अंगणात माझी जर्सी वाळत होती. डाव्या कोपराला आईनं आपल्या लुगड्याच्या काठाचं ठिगळ लावलेलं, तेही तसंच. मी हात लावला. ओली होती.

"ओली कशी?" मी विचारलं. "तीन महिने मी कुठं खेळलो?"

आई चुलीपुढून म्हणाली, "निंबोल्याचा पोरगा घालते ती. आज जेवायला आहे तो. पाय धू आधी."

असा तो माझ्या आयुष्यात आला. जवळच्या निंबोला गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कापसाची गाडी घेऊन जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, यायचा. एकदा मैदानाच्या कडेला गाडी थांबवून बसला होता, चेंडू बाहेर आला, त्यानं अनवाणी पायानं तो असा परत मारला की कप्तानांनी बैल सोडायला लावले. मी तुरुंगात, डावी कड रिकामी. झालं.

तो माझ्या पाटावर बसून जेवला. मी समोर बसलो. आईनं त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, ठेचा वाढला, वर तेलाची धार धरली. मला विचारलं, "तुला तेल?" तीन महिने तुरुंगातली आमटी पिऊन आलेल्या मुलाला विचारायचं, तेल? त्याला न विचारता.

"मावशी, केळाचा फणा ठेवला ओसरीवर," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "भाऊ, तुमी लय नाव काढलं. आमच्या गावातबी तुमचं नाव निघते."

"खेळताना तुझं निघतं ना," मी म्हणालो.

तो हसला. त्याला टोमणा कळला नाही, किंवा कळून हसला. तेव्हा मला दोन्हीचा सारखाच राग आला असता.

तो गेल्यावर मी आईवर घसरलो. म्हणालो, माझी जर्सी परक्याच्या अंगात आणि धुणार माझी आई? त्याच्या गावाला पाणी नाही का? आई भांडी विसळत होती. म्हणाली, "जर्सी कोणाच्या दोरीवर आहे? आपल्या ना? मग कायले बोंबलून राहिला?" मला वाटलं, बाई विषय टाळते आहे.

दुसऱ्या दिवशी शनवारा दरवाजाबाहेरच्या मैदानावर गेलो. आमचे कप्तान सरकारी शाळेत ड्रिल शिकवत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वाळलास रे. पंधरा दिवस रोज ये, पळ, दम भर. मग बघू."

बघू! चार वर्षं ज्यानं तुमची डावी कड सांभाळली, जो देशासाठी आत जाऊन आला, त्याला बघू? मी म्हणालो, "सरकारी पगार खाणाऱ्याकडून दुसरं काय ऐकायचं?" आणि पाठ फिरवून निघालो. पुन्हा गेलो नाही. म्हणजे मैदानात गेलो नाही. दरवाजाच्या आडोशाला उभा राहून रोज पाहत होतो.

आणि तो खेळायचा, काय खेळायचा! हे लिहिताना आजही हात जड होतो. मी चेंडूमागं पळायचो. तो पळायचा तेव्हा वाटायचं चेंडूलाच त्याच्या पायाशी राहायचं आहे. मी बूट घालून जे करू शकलो नाही ते तो अनवाणी करायचा. त्याच्या पायांचे तळवे मी पाहिले होते, बाभळीच्या सालीसारखे. मी मनात म्हणायचो, चुकू दे, एकदा तरी चुकू दे. तो चुकायचा नाही. लोक ओरडायचे, "ए निंबोला!" गावाचं नाव घेऊन. चार वर्षांत मला कोणी कशानंही हाक मारली नव्हती, "पास दे रे" सोडून.

क्लब जिंकत गेला. शेवटचा सामना उरला, रेल्वेवाल्यांशी, आमच्याच मैदानावर, होळीनंतरच्या रविवारी. जिंकला तर पहिला वर्ग. ढाल द्यायला जिल्ह्याचा साहेब येणार होता.

साहेब येणार हे ऐकलं आणि मला माझं हत्यार सापडलं.

मला लिहिता येतं. भांडता येतं. दोन रात्रींत मी पत्रक लिहिलं आणि एका मित्राच्या माळ्यावर सायक्लोस्टाइल करून काढलं. आम्हाला पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच होता की वरच्या ओळीत काय, कधी, कुठं ते ठळक लिहा, माणूस तेवढंच वाचतो. हाताला वळण तेच. मी लिहिलं, "बंधूंनो! येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता शनवाऱ्याबाहेरच्या मैदानावर रेल्वेवाल्यांशी अखेरचा सामना!" आणि खाली बारीक अक्षरांत, हा खेळ नसून गुलामीचा तमाशा आहे, साहेबाच्या हातून ढाल घ्यायला जे धावतील ते आपल्याच बेड्यांना तेल लावतील, खऱ्या देशभक्तानं तिकडं पाऊल टाकू नये. सगळ्यात खाली माझं नाव.

मागच्या वर्षी एका सामन्याआधी त्याच साहेबानं माझा हात हातात घेऊन हलवला होता आणि मी तो संध्याकाळपर्यंत धुतला नव्हता. हे पत्रकात नव्हतं.

रविवारी सकाळी तो आमच्या दारात आला. लंगडत. उजव्या पायाला फडकं, फडक्यावर रक्त. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना खुंट तळव्यात घुसला होता. एका हातात दोरीवरून काढलेली जर्सी, दुसऱ्या हातात माझं पत्रक. आई नदीवर गेली होती.

"भाऊ, आज तुमीच खेळा," तो म्हणाला. "माझ्यानं नाही होत. जागा तर तुमचीच आहे." आणि जर्सी माझ्या पुढं धरली.

तीन महिने ज्याची वाट पाहिली, वर ज्याच्यासाठी हा सगळा जळफळाट केला, ते यानं घडी घालून दारात आणून दिलं. माझे हात पुढं झालेही होते.

"आणि हा कागज," तो म्हणाला. "बाजारात वाटत होते. तुमचं नाव आहे म्हणे याच्यावर. मले कुठं वाचता येते. वाचून दाखवा ना."

मी म्हणालो, "काही नाही, सामन्याचं आहे."

"मग वाचा की. आजच्याच सामन्याचं ना?"

मी वाचलं. सभेत हजार माणसांपुढं वाचताना माझा आवाज चढतो. त्या दिवशी अंगणात एका माणसापुढं तो ओळीगणिक उतरत गेला. पहिली ओळ वाचली तेव्हा त्यानं मान डोलावली. तमाशा आला, बेड्या आल्या, तेल आलं. त्यानं मान डोलावणं थांबवलं. मधली एक ओळ गाळावी असं वाटलं, पण गाळली नाही. तेवढा प्रामाणिकपणा माझ्या पदरी लिहा.

तो ओसरीच्या कडेला टेकला, पायाचं फडकं दाबून धरलं. मग म्हणाला, "म्हंजे तुमी आज नाही खेळणार."

"कसा खेळणार? सगळ्या गावात माझं नाव छापून फिरतं आहे."

"हां. तेबी खरंच." तो उठला, जर्सी खांद्यावर टाकली. "मग मलेच जावं लागेल. दहा जणांत कसं होईल?" दारातून वळून म्हणाला, "भाऊ, थोडं फडकं असलं तर द्या. हे भिजलं."

मी माझं खादीचं धोतर फाडून दिलं. त्यानं कचकचून बांधलं आणि गेला. एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर मला किती सोपं झालं असतं.

पाच वाजता मी मैदानाच्या तोंडाशी उभा होतो, लोकांना अडवायला. पण लोक थांबेनात. एवढी माणसं त्या मैदानावर मी कधी पाहिली नव्हती. खकनारहून गाड्या भरून आलेल्या. एक जण जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं केलं रे छापलंस. आम्हाला वाटलं सामना सहाला आहे." जिलबीवाला माझ्या पत्रकातच मावा-जिलबी बांधून देत होता. बेड्या आणि तेल तुपात भिजून पारदर्शक झाले होते.

सामन्याचं काय सांगू. अर्ध्या वेळेपर्यंत शून्यावर शून्य. दुसऱ्या अर्ध्यात तो डाव्या कडेनं निघाला, लंगडतच, आणि रेल्वेवाल्यांचा बॅक फसला, कारण त्याला वाटलं लंगडा माणूस बाहेरून जाणार नाही. तो बाहेरूनच गेला. मधे पास दिला, आमच्या माणसानं गोल केला. मैदान उठलं. मी उठलो नाही, मी उभाच होतो. पण माझ्या तोंडातून आवाज निघाला होता. तो आनंदाचा होता की कसला, मला आजही माहीत नाही. त्या पासची जागा मला पाठ होती. मी तिथूनच चार वर्षं चुकत आलो होतो.

शिट्टी झाली. क्लब पहिल्या वर्गात गेला. साहेबानं ढाल दिली. गर्दी पांगताना कप्तान माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आता ऐकवतील.

"एवढी गर्दी जमवलीस, क्लबातर्फे आभार," ते म्हणाले. मग हसू आवरून, "गाढवा, तुला धरून नेलं त्या संध्याकाळी मी जर्सी न्यायला तुझ्या घरी गेलो होतो. चहा प्यालो. उठलो तर तुझ्या आईनं दोरीला हात लावू दिला नाही. म्हणाली, खेळवायचा त्याला खेळवा, पण धुणार मी, वाळणार माझ्या दोरीवर, पोरगा येईपर्यंत जागा माझ्या घरची. आम्ही कबूल केलं. त्या निंबोल्याच्यानंही. तुला फक्त पंधरा दिवस पळायचं होतं."

मी घरी आलो. जर्सी दोरीखालच्या दगडावर पडली होती, माती आणि घामानं जड झालेली. आई म्हणाली, "माझा हात दुखते आज." मी तिच्याकडं पाहिलं नाही. बादली घेतली आणि धुतली. कोपराचं ठिगळ उसवलं होतं, ते मला शिवता येईना, तसंच राहू दिलं.

मंगळवारी वाळली. मी घडी घातली, पिशवीत टाकली आणि निंबोल्याचा रस्ता धरला. तो बागेत पाणी देत होता, दुखरा पाय जमिनीपासून उचलून. त्याच्या आईला मी विचारलं, "तुमची दोरी कुठं आहे?" तिनं गोठ्यापुढं दाखवली. मी जर्सी तिथं टाकली आणि चिमटा नव्हता म्हणून टोकाला गाठ मारली.

तो लांबून ओरडला, "भाऊ! हे काय करून राहिले?"

"रीत आहे," मी म्हणालो.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिची मेहनत पाण्यात घातली असं तिला वाटलं, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही.

आता पावसाळा सरत आला आहे. मी रोज सकाळी शनवाऱ्यापासून नदीपर्यंत पळतो. पंधरा दिवस केव्हाच झाले. त्याचा हेवा मला आजही वाटतो, ही ओळ लिहितानासुद्धा. पण पुढं जे काही म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हणेन, पत्रकात नाही. आणि जर्सी परत आणायची असेल तर त्याच्याच पायातून चेंडू काढून आणेन. काल सरावात एकदा काढलाही होता. त्यानं लगेच परत घेतला.