भिवंडीचा उजवा पाय

आधी चहा हातात घ्या. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडून इनसोल काय, बुटाची नाडीसुद्धा घेणार नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहेच. बुटाच्या आत जो तळ असतो ना, तो मी माणसाच्या पायाच्या मापानं बनवून देतो. कुणाची टाच दुखते, कुणाचे तळवे सपाट, कुणाच्या पोटऱ्या बारा तास कापडाच्या लूमजवळ उभं राहून भरून येतात. रीतसर शिकलोय, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. लोक डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी महिनाभर "डॉक्टर नाही हो मी" असं सांगत होतो. मग कंटाळलो आणि नंतर आवडायला लागलं.

भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत गाळा मिळाला. दोन्ही बाजूंना लूम, त्यामुळे पेशंट काय बोलतो ते निम्मंच ऐकू यायचं. गाळ्यात आधी काय होतं हे विचारायचं मला सुचलं नाही. लादी चकाचक होती, मला तेवढं पुरलं.

त्या लादीवर मी हौसेनं दोन पिवळी पावलं रंगवून घेतली. पेशंटनं भिंतीकडे तोंड करून त्या पावलांवर उभं राहायचं. मी मागे बसायचं, त्याच्या कमरेच्या दोन हाडांवर माझे दोन अंगठे ठेवायचे. एक अंगठा खाली दिसला तर त्या बाजूच्या पायाखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या सरकवायच्या. अंगठे एका रेषेत आले की पट्ट्या मोजायच्या. तेवढा तो पाय आखूड. तेवढ्या उंचीचा फोमचा तुकडा इनसोलच्या टाचेखाली चिकटवायचा. आहे काय आणि नाही काय.

पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या लूमवरचे चाचा. उजवा पाय सहा मिलिमीटर आखूड.

"छोटा? साहब, चालीस साल से तो दोनों बराबर थे."

"चाचा, चालीस साल में किसी ने नापा कहाँ?"

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते नंतर सगळ्यांना दिलं. आणि द्यावंच लागलं. कारण भाजीवाल्या काकू आल्या, उजवा पाय सहा मिलिमीटर आखूड. बँकेतले कॅशियर आले, उजवा, सहा. पूर्णा गावच्या गोडाऊनमधला सुपरवायझर आला, उजवा, सहा. त्याची आठ वर्षांची मुलगी नुसती सोबत आली होती. तिचाही मोजला. उजवा.

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, एवढ्या माणसांचा तोच पाय, तेवढाच आखूड, तुला शंका नाही आली? आली ना! मला शंका आली की मी शोध लावलाय.

चाचा चाळीस वर्षं उजव्या पायावर भार टाकून उभे, म्हणून. काकू उजवी मांडी दुमडून बसतात, म्हणून. कॅशियर साहेब दिवसभर खुर्चीतच असतात, त्यांचं काय? मी म्हटलं, रस्ते! खड्डे चुकवत चालणारा माणूस एका अंगावर पडणारच. आणि ती आठ वर्षांची पोर? आनुवंशिक. एकदा डोक्यात शोध शिरला की कारणं आपण होऊन रांगेत उभी राहतात. मी वही केली, वर नाव घातलं, 'भिवंडीचा उजवा पाय'. परिषदेत वाचायचं भाषणसुद्धा लिहून काढलं. शेवटी आईचे आभार होते.

अशात कोन गावाहून बाळाराम शेठ आले. आगरी माणूस, अंगानं भरलेला, आवाज असा की लूमच्या वर ऐकू यावा. प्रेमानं सगळ्यांना अरे-तुरे करणार. पण चालताना टाच टेकवत नव्हते.

"डॉक्टर, तीन आठवड्यांनी माजे पोरीची हलद हाय. मना नाचाचा हाय."

"नाचाल की शेठ."

"तसा नको बोलू. पुतन्याच्या हलदीला टाच अशी धरली का मी खुर्चीवर बसून टाल्या वाजवल्या. पोर तवाच बोलली, पप्पा, माजे हलदीला तू नाचला न्हाय तं मी हलद लावून घ्यायची न्हाय." शेठनी दुखरी टाच हातानं चोळली. "एकच पोर हाय मना."

मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? मी जीव ओतून काम केलं. टाचेखाली मऊ गादी, तळव्याला आधार, सगळं नीट. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला किस्साच उरला नसता. पण मी शेठना पिवळ्या पावलांवर उभं केलं. उजवा. सहा. चिकटवला तुकडा.

चार दिवसांत टाच उतरली. शेठ इतके खूश की घरच्यांना गाडीत घालून घेऊन आले. भाऊ, भावजय, दोन पुतणे, बायको, मेहुणा. सहाच्या सहा जणांचा उजवा पाय आखूड निघाला. शेठना वाईट वाटण्याऐवजी अभिमानच वाटला.

"घरान्याचा पाय हाय आपला," ते बायकोला म्हणाले.

"मी तं माहेरची ना," त्या माउलीनं बरोबर मुद्दा काढला होता. शेठनी आणि मी, दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केलं.

हळदीच्या आदल्या दिवशी शेठचा फोन.

"डॉक्टर, टाच एक नंबर हाय. पन डावी कंबर धरलीय आनि चालताना मी डावीकडं जातंय. गावात बोलतात, शेठ हलदीच्या आधीच घेऊन बसला. आनि मी एकटाच न्हाय, आमचा आख्खा घर डावीकडं चाललाय."

"शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, शेठ."

"किती येल? उद्या हलद हाय."

"होईल, होईल." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि शांत झोपलोसुद्धा.

सकाळी सुगंधा मावशी गाळा धुवायला आल्या. त्या रोजच येतात, पण मी इतक्या लवकर कधी नसतो. त्यांनी दाराशी बादली ओतली. पाणी सरळ पुढे यायचं सोडून आडवं वळलं आणि माझ्या पिवळ्या पावलांवरून, डाव्याकडून उजव्याकडे, कोपऱ्यात गेलं. मी बघतच राहिलो.

"मावशी, पाणी तिकडं का जातंय?"

"मग कुठं जाईल? मोरी होती ना तिथं. हितं सूत रंगवायचे. पाणी निघून जायला उतार दिलेला हाय. वरून लादी लावली, उतार तसाच."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं न्हाय. मला वाटलं, डॉक्टर हाय, पायाखालचं बघत असेल."

समोरच्या हार्डवेअरवाल्याकडून पाणसळ मागून आणली. लादीवर ठेवली. आतला बुडबुडा टोकाला जाऊन बसला. उरलीसुरली आशा म्हणून मावशींना पावलांवर उलट्या तोंडानं उभं केलं. डावा पाय आखूड. सहा.

शोध गेला, भाषण गेलं, ते जाऊ द्या. पण त्या माणसाची एकुलती एक पोर आज संध्याकाळी बापाकडे बघणार, आणि बाप वाकडा होऊन परत खुर्चीवर बसणार. कशामुळे? तर माझ्या हुशारीमुळे. दुपार टळेपर्यंत फोन लावला, हळदीच्या घरात कोण फोन उचलतो? शेवटी चामडं कापायची सुरी खिशात घातली, रिक्षा केली आणि कोन गाठलं.

मांडवात हळद लावायला सुरुवात झाली होती. चपलाबुटांचा ढीग बाहेर. समोरच्या खडीच्या मैदानात बँडवाले तयारीत. म्हणजे हळद लागली की लोक पायात घालून इकडे नाचायला येणार. माझ्याकडे अर्धा तास होता. मी ठरवलं, कुणाला काही सांगायचंच नाही. गुपचूप तुकडे काढायचे आणि सटकायचं. अब्रूही राहील, शेठही नाचतील.

ढिगाशी उकिडवा बसलो. माझे इनसोल मी अंधारातही ओळखेन. उचल बूट, काढ इनसोल, खालून सुरी फिरव, तुकडा खिशात, इनसोल परत आत. भावाचे झाले, भावजयीचे झाले, पुतण्यांचे, मेहुण्याचे, शेठाणीचे. शेवटी शेठचे. खास नाचण्यासाठी घेतलेले कोरे पांढरेशुभ्र बूट. तुकडा काढला, इनसोल बसवला आणि मागून कुणीतरी माझी कॉलर धरली.

"ए, चपलाचोर घावला रं!"

क्षणात वीस माणसं जमली. माझ्या एका हातात शेठचा बूट, दुसऱ्या हातात सुरी. खिसे तपासले तर सात काळे तुकडे. दोन आठवडे हे लोक त्याच तुकड्यांवर चालत होते, पण एकानंही ओळखले नाहीत. तेवढ्यात हळदीनं पिवळे झालेले शेठ बाहेर आले.

"डॉक्टर? तू?"

आता विचार करा. माझ्यापुढे दोनच वाटा. एक, या सगळ्या गावासमोर सांगायचं की शेठ, तुमच्या घराण्याचा पाय शाबूत आहे, माझी लादी वाकडी आहे आणि मी गेले चार महिने भिवंडीला डावीकडे कलंडवतोय. दुसरी वाट तर तयारच होती.

मी मान खाली घातली. "चुकलो, शेठ. बूट आवडले."

शेठनी माझ्या हातातून बूट काढून घेतला. मग पुतण्यांना म्हणाले, "सोडा त्याला. धंदा चालत नसंल बिचाऱ्याचा. जेवू घाला." मला मांडवाच्या कडेला बसवलं, पुढ्यात ताट दिलं आणि माझ्यावर लक्ष ठेवायला एक धिप्पाड माणूस बसवला.

बँड सुरू झाला. शेठनी बूट चढवले आणि पोरीचा हात धरून मैदानात उतरले. दोन पावलं टाकली, थबकले, आणखी दोन टाकली. सरळ. एकदम सरळ. मग जे नाचले! पोर हसतेय आणि रडतेय, शेठ घामाघूम. मागे आख्खं घराणं ताठ उभं राहून नाचतंय. मी भात हातात घेऊन बघत होतो आणि माझेही डोळे वाहत होते. राखणीला बसलेल्या माणसाला वाटलं, पश्चात्ताप झाला.

तासाभरानं शेठ धापा टाकत माझ्याकडे आले. ते पांढरे बूट काढले, पिशवीत घातले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"घे. आवडले ना तुला? ने." मग जमलेल्या पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "तो बोललाच होता, सवय व्हायला येल लागतो. आज झाली बघा! कुनाचे पाय दुखत असले तं याच्याकडंच जा. मानूस चोर हाय, पन हाताला गुन हाय."

लादी मी दुसऱ्याच दिवशी उखडली आणि जुन्या पेशंटना बोलावून एकेक तुकडा काढून दिला. फक्त कोनहून येणारी माणसं अजून दारात चपला ठेवत नाहीत, हातात धरून आत येतात.