पदवीला निघालेल्या सिस्टर

मी लेखक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात आणि आईला सहीपुरतेच लिहिता येते. तेव्हा मी कुणावर लेख लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे. पण आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या सिस्टरांविषयी दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही, म्हणून धीर करतो. चुकले तर पदरात घ्यावे.

सिस्टरांनी ज्याची नाडी पाहिली नाही असा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही. त्या इस्पितळाच्या नर्सिंग स्कूलमध्ये मुलींना शिकवायच्या, आणि कुणाचाही हात नुसता हात म्हणून धरणे त्यांना जमायचेच नाही. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात आहेर देता देता त्यांनी नवरदेवाचे मनगट धरले आणि छातीवर टाचलेल्या घड्याळात बघत शांत उभ्या राहिल्या. मागे आहेराची रांग खोळंबली. नवरीच्या बापाला घाम फुटला. शेवटी हात सोडून त्या म्हणाल्या, "मुलगा चांगलाय. नुसता घाबरलाय. लिंबूपाणी द्या." ज्या गावची चादर सगळ्या देशात जाते त्या गावात राहून चादरीला नावे ठेवणारी बाईही मी दुसरी पाहिली नाही. "रोग्याच्या अंगावर सोलापुरी चादर म्हणजे दुसरा आजार," असे त्या भर गल्लीत म्हणायच्या. "छाती वरखाली होतेय का नाही, तेसुद्धा दिसत नाही." वडील कळवळून म्हणायचे, "सिस्टर, आमा मागवाल्यांच्या पोटावर पाय नगा देऊ की." त्यावर त्या म्हणायच्या, "पाय कुठं देतेय? पोटावरची चादर तेवढी काढतेय."

शाळेत मुलींना सरावासाठी एक बाहुली होती, माणसाएवढी, एका हाताने थोटी. सिस्टरांचा तिच्यावर फार राग. "ही बया कधी 'आई गं' म्हणत नाही. हिच्यावर शिकलेली मुलगी उद्या माणसालाही लाकूड समजेल." म्हणून रविवारी त्या मुलींना आमच्या गल्लीत घेऊन यायच्या आणि गल्लीतली जिवंत माणसे खाटेवर निजवायच्या. रोगी खाटेवर असताना त्याला न उठवता खालची चादर बदलायची, हा त्यांचा आवडता धडा. कुशीवर वळवण्याआधी रोग्याला सांगायचे, त्याने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम. रात्रपाळी करून आलेले माझे वडील खाटेला पाठ टेकताच घोरू लागले, तर सगळा वर्ग त्यांच्या होकाराची वाट बघत हात बांधून उभा! आई म्हणाली, "सिस्टर, त्यो मानूस लग्नात बी हो म्हनला नव्हता. लोटा त्याला तिकडं."

चादर बदलताना सिस्टरांचा इतिहासाचा तास चालायचा. "आमच्या वेळी नर्सिंगला यायची ती एकतर नवऱ्यानं टाकलेली, नाहीतर देवानं. माझ्या बापानं मला शिकायला घातलं तर शेजारणींनी आमच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. वर्गात फळा नव्हता. जे शिकलो ते वॉर्डात, मोठ्या सिस्टरच्या मागं बादली धरून." मग एकदम भविष्यकाळ सुरू व्हायचा. सोलापुरात नर्सिंगचे कॉलेज होईल. शाळा नव्हे, कॉलेज. तिथे ग्रंथालय असेल, मुली काळा झगा घालून पदवी घेतील, आणि मुलगेही येतील. आई पदर तोंडाला लावून हसायची. "गडी मानूस आजाऱ्याला संडासाचं भांडं देणार?" सिस्टर गंभीरपणे विचारायच्या, "का वैनी? त्याचे हात झिजतात?"

त्यांची स्वतःची डिप्लोमानंतरची पदवी मात्र राहिली होती. ती मुंबईला जाऊन घ्यावी लागे. मी कॉलेजात जाऊ लागल्यापासून संध्याकाळी त्या मला ओट्यावर बसवून घेत. "हं कॉलेजवाले, आज काय झालं?" प्राध्यापक उभ्याने शिकवतात की बसून, ग्रंथालयातले पुस्तक आपल्या हाताने काढू देतात का, न पटलेले तोंडावर सांगता येते का, असे त्या एकेक विचारत. मी मागच्या बाकावर बसणारा. वर्गात माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पण सिस्टरांना सांगताना तोच वर्ग मला राजवाड्यासारखा वाटू लागे. ऐकता ऐकता त्या नकळत माझे मनगट धरत. नाडी मात्र त्या वेळी पाहत नसत.

दर वर्षी त्या मुंबईला अर्ज करत आणि दर वर्षी इस्पितळाचे मोठे डॉक्टर एकच वाक्य बोलत, "तुम्ही गेलात तर मुलींना शिकवणार कोण?" सिस्टरांना हे वाक्य पटायचे, हीच खरी अडचण होती. शेवटी त्यांनी ठरवले की आपल्या जागी दुसरी तयार करायची. अक्कलकोटकडची महानंदा नावाची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकून तिथेच नोकरीला लागली होती. मराठी बोलताना मध्येच कन्नडमध्ये शिरायची. तिला सिस्टरांनी शिकवायला शिकवले. फळ्यावर कसे लिहायचे, रडणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर कसे न्यायचे, सगळे. ती घाबरून म्हणायची, "सिस्टर, मला नाही जमत ओ." सिस्टर म्हणायच्या, "तुला जमेपर्यंत मी हितंच अडकलेय. लवकर जमव बाई."

आणि तिला जमले. इतके जमले की त्या वर्षी सिस्टरांबरोबर तिनेही अर्ज केला, आणि मोठ्या डॉक्टरांनी तिलाच सोडले. तिच्यावाचून अडणार नव्हते, सिस्टरांवाचून अडणार होते. अर्ज तिने करावा म्हणून मागे लागल्या होत्या सिस्टरच! गल्लीला हे कळले तेव्हा आई चिडली. "तुमी शानी म्हनावं का खुळी?" सिस्टर महानंदाच्या वळकटीची दोरी आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वैनी, चांगली शिकवली म्हणून तर मुंबईवाल्यांनी घेतली तिला." त्या संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसलो, पण कॉलेजात काय झाले ते त्यांनी विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी मुलगी निवडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी बी.ए. झालो, लातूरला कचेरीत लागलो. सुट्टीत घरी येई तेव्हा सिस्टर रविवारच्या वर्गात असायच्या, केस थोडे अधिक पांढरे. "यंदा?" मी विचारायचो. "पुढल्या वर्षी," त्या म्हणायच्या, मोठ्या डॉक्टरांच्याच आवाजात. मग एका दिवाळीला समोरच्या खोलीत दुसरेच बिऱ्हाड दिसले. सिस्टर कुठे गेल्या ते कुणाला नीट सांगता येईना. कुणी म्हणे बदली, कुणी म्हणे भावाकडे. मी ओट्यावर थोडा वेळ बसलो. विचारणारे कोणी नसले की दिवसभरात काही घडलेसे वाटत नाही.

परवा एस.टी. स्टँडवर पांढऱ्या साडीतल्या एका बाईने मला हाक मारली. आमच्या खाटेवर शिकलेल्यांपैकीच एक. तिने सांगितले की इस्पितळाने सिस्टरांना अखेर सोडले. आता त्या मुंबईत आहेत, पदवीच्या वर्गात, पोरीबाळींच्या बरोबरीने. पहिल्याच दिवशी शिकवायला आल्या त्या महानंदा मॅडम. त्या दारात दिसताच सगळ्यांच्या आधी सिस्टर उठून उभ्या राहिल्या. मॅडम जवळ आल्या, पाया पडायला वाकल्या, तर सिस्टरांनी त्यांना वरच्या वर धरले. "सिस्टर, बसा की ओ," मॅडम म्हणाल्या. "बसते," सिस्टर म्हणाल्या, "आधी हजेरी घ्या."

मग हजेरी झाली. आम्हा गल्लीतल्या कुणालाच कधी ठाऊक नसलेले सिस्टरांचे नाव पुकारताना मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. सिस्टरांचा आवाज खणखणीत होता, "हजर!"