भिंतीवरची छडी

अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या ओळखीच्या एका काकांना रिटायर झाल्यावर जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. पन्नास वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले डॉक्टर. इंग्रजांनी आपल्याला कसं लुटलं, हा त्यांचा आवडता विषय.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं. "तुझ्या मैत्रिणीलाही आण. तिच्या देशातली एक वस्तू मिळालीय."

मैत्रीण म्हणजे माझी फिलिपिनो शेजारीण. काकांच्या वॉर्डात तिने वर्षानुवर्षं नर्स म्हणून काम केलं होतं. काकू शाकाहारी, म्हणून तिने मांस न घालता तांदळाच्या शेवया करून आणल्या.

जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर काळी पडलेली वेताची छडी टांगली होती. वर खास दिवा.

"लिलावात घेतली," काका वरण वाढून घेत म्हणाले. "फिलिपिन्समधले स्पॅनिश पाद्री वापरायचे. चर्चला आलं नाही की फटके. स्पेनने तिथे तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, गंमत नाही. म्हणून तर तुमच्या नर्सेस इतक्या शिस्तीच्या."

आणि ते हसले. काकूही हसल्या.

मैत्रिणीने चमचा खाली ठेवला. ती इंग्रजीत, हळू बोलली. "माझ्या आजीच्या वडिलांना जहाजांसाठी लाकूड तोडायला धरून नेलं होतं. आजारी पडून परत आले. रविवारी चर्चला जाता आलं नाही, म्हणून चर्चच्या दारात पालथं पाडून मारलं. नंतर पाद्र्याच्या हाताचं चुंबन घ्यायला लावलं. मारल्याबद्दल आभार म्हणून." मग म्हणाली, "डॉक्टर, जेवण होईपर्यंत ती काढून ठेवाल?"

"अगं, पण तो इतिहास आहे," काका म्हणाले. "अँटिक आहे ती. भाजी घे."

मला शिसारी आली. छडीची आलीच, पण त्याहून जास्त त्या दिव्याची. कुणीतरी नीट मोजमाप घेऊन, प्रकाश बरोबर तिच्यावर पडेल असा तो बसवून घेतला होता.

"काका, तुम्ही जालियनवाला बागेतली बंदूक अशी टांगाल का?" मी विचारलं.

"ते वेगळं," ते म्हणाले.

मैत्रीण उठली, शेवयांचं भांडं उचललं आणि बूट घालू लागली. मीही उठले. काकू दारापर्यंत आल्या, "अगं, गोड तरी खाऊन जा," म्हणत राहिल्या.

गाडीत हीटर गरम व्हायची वाट बघत बसलो. मग ती म्हणाली, "मला भूक लागलीय." आम्ही मांडीवर भांडं घेऊन हातानेच शेवया खाल्ल्या.

आठवड्याने काकांचा फोन आला. छडी काढली असेल असं वाटून मी उचलला.

"तुझी मैत्रीण फार सेन्सिटिव्ह आहे गं," ते म्हणाले. "हॉलमध्ये हलवलीय मी ती. तिथे जास्त उठून दिसते."

त्यानंतर त्यांच्या घरी मी गेले नाही. देवळात भेटतात. आता मी त्यांना वाकून नमस्कार करत नाही.