अधिकाच्या वाणाची टोपली

अधिक महिन्यात जावई नारायण होतो. एरवी माझ्या भाचीचा नवरा निपाणीत सिमेंट आणि पत्रे विकतो, आणि चांगला विकतो. पण तीनेक वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात त्याला पाटावर बसवून, ओवाळून तेहतीस जाळीदार पदार्थांचं वाण द्यावं लागतं. अनारसे, बत्तासे, असलं काहीतरी. जाळीच का, हे मी आजवर बऱ्याच जाणकारांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं. त्यावरून खरं कारण कुणालाच ठाऊक नाही, एवढं कळलं.

यंदा अधिक ज्येष्ठात आला, म्हणजे ऐन फणसाच्या दिवसांत. भाचीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. खानापूरजवळच्या आमच्या गावातच दिलेली. तिने अनारशांसाठी तांदूळ निवडायला घेतले होते, तेवढ्यात निपाणीहून लेकीचा फोन आला.

“आई, अनारसे नकोत. सासूबाई म्हणत्यात, घरात सगळ्यांना शुगर हाय. तेहतीस फळं आणा म्हणाल्यात. ती बाहेरच्या देशातली असत्यात बघ, टोपलीत, तसली. जाऊबाईंच्या माहेरनं तसलीच आलती.” मग आवाज एकदम खाली गेला. “आणि आई, माझ्यापुरती सांदणं कर गं. लई मन झालंय. पन कुणाला दावू नको. हितं फणस म्हटलं की नाकं मुरडत्यात.”

आक्काला दोन्ही निरोप सारखेच महत्त्वाचे वाटले. दिवाळीत तिने नेलेल्या करंज्या त्या घरी गड्यांना वाटल्या गेल्या होत्या, आणि ‘तुमच्याकडं सगळं साधंच का गं असतंय?’ हे लेकीने पुढे कितीतरी दिवस ऐकलं होतं. या वेळी लेकीला मान खाली घालायला लागू नये, एवढीच तिची इच्छा होती. भावोजी भाताचं बी पेरायच्या निमित्ताने सुटले. गाडी माझ्याकडे आहे, त्यामुळे मी सापडलो.

बेळगावात टिळकवाडीतल्या फळांच्या दुकानात आम्ही गेलो. दुकान कसलं, दागिन्यांची पेढीच. थंडगार हवा, वर पिवळे दिवे, आणि सफरचंदांना मखमलीसारख्या कागदाची बैठक. बाहेर गाडीवर माणूस जांभळं विकत होता. त्याच्याकडे बघायलासुद्धा आत उभ्या माणसांना कमीपणा वाटत होता. ड्रॅगन फ्रूट हल्ली आपल्याकडच्याच कोरड्या माळावर निवडुंगाच्या कुंपणासारखं उगवतं, पण त्यालाही कुणीतरी परदेशी स्टिकर लावला होता. किवी होती, निळी बोरं होती, आणि दगडासारखं कडक बटर फ्रूट, म्हणजे अ‍ॅव्होकाडो, होतं, ज्याची चव दुकानदारालाही सांगता आली नाही.

“तेहतीस व्हायला पाहिजेत,” आक्का म्हणाली.

“द्राक्षाचा घड एक धरू, का मणी मोजू?” दुकानदाराने विचारलं. हा प्रश्न त्याला त्या महिन्यात पहिल्यांदा पडलेला दिसत नव्हता.

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मणी मोजले तर एका घडातच काम होईल आणि ड्रॅगन वाचेल. तिने माझ्याकडे बघणं सोडलं. शेवटी घड एक धरून टोपली भरली. खाली कागदाचं गवत, वर चरचरणारा प्लास्टिकचा कागद, त्याला जांभळी फीत. फळांचा वास म्हणून जो असतो, तो कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर ही टोपली आणि आक्काच्या पायाशी टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा, असे आम्ही निघालो. पहाटे उठून तिने परसातल्या बरक्या फणसाचा रस काढला होता, त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालून सांदणं वाफवली होती. संकेश्वर येईपर्यंत अख्खी गाडी फणसाची झाली.

“काचा उघड रं,” आक्का म्हणाली. “वास बसला तर कळंल त्यांना.”

निपाणीतल्या त्या दिवाणखान्यात शोकेसवर आधीच एक टोपली होती, थोरल्या सुनेच्या माहेरची. आमची तिच्या शेजारी बसली. विहीणबाईंनी दोन्ही टोपल्यांचे फोटो काढले, मग आमची थोडी मागे सरकवली. डबा आक्काने स्वयंपाकघरात लेकीकडे पोचवला. इथवर सगळं ठीक झालं.

मग भटजी आले. जावई पाटावर बसला. भटजींनी टोपलीकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्यात जाळी कुठाय?”

“ड्रॅगन फ्रूट कापलं की आत ठिपके असत्यात की,” विहीणबाई म्हणाल्या.

“ठिपके म्हणजे जाळी न्हाय, वहिनी.”

व्याह्यांनी ब्रेड सुचवला. ब्रेडला जाळी असते. भटजींनी त्यावर थोडा वेळ खरोखर विचार केला. कुणीतरी मिठाईच्या दुकानात फोन लावला. अख्ख्या निपाणीत जावई नारायण झालेले, अनारसे सकाळीच संपले होते.

विहीणबाई सुनेकडे वळल्या. “तुझ्या आईला एवढंबी ठाऊक न्हाय व्हय गं? फळं सांगितली म्हणून नुसती फळंच आणायची?”

भाचीची मान खाली गेली. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच डोळ्यांदेखत घडत होतं. आक्का आत गेली आणि डबा घेऊन आली. लेकीकडे बघून तिने झाकणावर हात ठेवला. लेकीने नाइलाजाने मान हलवली. झाकण निघालं आणि वासाने आपली ओळख स्वतःच करून दिली.

“फणसाचं?” विहीणबाईंनी पदर नाकाकडे नेला.

भटजींनी एक सांदण मोडून उजेडात धरलं. आत बारीक, स्वच्छ जाळी होती. “उत्तम,” ते म्हणाले. सांदणं सतरा निघाली. ती सुरीने अर्धी अर्धी केली, एक अर्धं भटजींनी जाळीच्या खात्रीसाठी खाल्लं, आणि तेहतीस भरली. धर्म वाचला. “आमच्यात असं घरचंच लागतंय बघा,” विहीणबाई शेजारणीला म्हणाल्या. पदर तोवर नाकावरून खाली आला होता.

वाण हातात आल्याबरोबर, दिवसभर गप्प असलेला नारायण उठला. “देवाचं हाय. कुणी हात लावायचा न्हाय,” म्हणाला आणि ताट घेऊन जिना चढला. वरून हाक आली, “पाणी आण गं!” भाची तांब्या घेऊन गेली. ती बराच वेळ खाली आली नाही.

जेवणात फ्रूट कस्टर्ड होतं, टिनच्या डब्यातल्या फळांचं. शुगर असलेल्या सगळ्यांनी दोनदा घेतलं.

चार-आठ दिवसांनी मी आक्काकडे गेलो होतो, तेव्हा लेकीचा फोन आला. आक्काने पहिल्यांदा तेच विचारलं, “तुला मिळाली का गं?”

“व्हय. निम्म्याच्या वर मीच खाल्ली. त्यांनी दार लावून घेतलंतं.”

आक्का इतकी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. मग तिला आठवण झाली. “आणि टोपली?”

“हाय की शोकेसवर. सासूबाई म्हणत्यात, उघडली तर खराब हुतील.”